कोंबडी, कैरी आणि खानदेशचा उन्हाळा

वार्षिकांकासाठी मी कोंबडीच्या कोशिंबिरीवर लेख लिहितो आहे हे कळल्यावर वर्गातील मित्र हसले. "अरे, कविता दे, प्रवासवर्णन दे, नाहीतर एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र दे. पाककृती कसली देतोस?" असे एकाने बजावलेही. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. पण आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. घरी गेल्यावर "आज काय शिकलास?" असे आजी रोज विचारते आणि माझ्या उत्तरातले बहुतेक तिच्या कामाचे नसते. ज्या एका गोष्टीत माझे पुस्तक आणि तिचा हात यांची गाठ पडली, तीच या लेखात मांडतो आहे.

सुरुवात मात्र माझ्या फजितीपासून करावी लागेल.

आमचे पहूर जळगावहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. लेणी पाहायला जाणाऱ्यांच्या गाड्या इथूनच जातात. मे महिन्याच्या सुट्टीत मी रस्त्यावरील एका ढाब्यावर वाढप्याचे काम करतो. दोन वर्षांपूर्वी भर दुपारी मुंबईचे एक कुटुंब आले. त्यातील ताईंनी विचारले, "काहीतरी गार मिळेल का? चिकन सॅलड वगैरे?" मी मोठ्या आत्मविश्वासाने "हो" म्हटले आणि तळलेल्या कोंबडीबरोबर कांदा, काकडी आणि लिंबाच्या फोडींची ताटली नेऊन ठेवली. आमच्याकडे सॅलड म्हणजे एवढेच! ताई हसल्या, पण त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती. शिजवून गार केलेल्या कोंबडीत फळे, पाला आणि लिंबाचा रस घालून ते करतात, असे त्यांनी मला नीट समजावून सांगितले. मी मान डोलावली, पण कान तापले होते. कॉलेजात शिकतो आणि एवढेही ठाऊक नाही, असे त्या दिवशी वाटत राहिले.

रात्री आजीला हे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "कोंबडीत अंगूर? पोरा, कालेजात हेच शिकवता का रे?" आणि थोडे थांबून पुढे म्हणाली, "म्हणजे कोशिंबीरच की ती."

आजीचे हे वाक्य मी पुढे तपासून पाहिले. 'सॅलड' हा शब्द मुळात लॅटिन भाषेतील मीठ या अर्थाच्या 'साल' या शब्दापासून आला आहे. रोमन लोक कच्चा पाला मीठ लावून खात. म्हणजे सॅलड या शब्दाचा मूळ अर्थ 'मीठ लावलेले' असा होतो. काकडी चोचवून, मीठ आणि लिंबू लावून, वर दाण्याचा कूट घालून आपण जे करतो ते याहून निराळे काय आहे? मांस आणि फळ यांची सोयरीकही आपल्याकडे नवी नाही. पारशी लोकांच्या घरी जर्दाळू घालून केलेली कोंबडी हे मानाचे पक्वान्न असते. सन १९५३ मध्ये इंग्लंडच्या राणी एलिझाबेथ यांच्या राज्याभिषेकाच्या मेजवानीसाठी गार कोंबडीचा एक पदार्थ मुद्दाम तयार करण्यात आला. त्यात जर्दाळूचा गर होता आणि चवीला होती करी पावडर, म्हणजे आपल्याच मसाल्यांची इंग्रजी आवृत्ती. तेव्हा आजीच्या कोशिंबिरीने लाजावे असे काहीच नाही.

हा विषय माझ्या जिवाशी का आला

आपल्या जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. आमच्या घरावर पत्रे आहेत. सकाळच्या पाळीचे निंदणी-वेचणीचे काम करून आई बारा-साडेबाराला घरी येते आणि लगेच चुलीपुढे बसते. रस्सा शिजायला तास-दीड तास लागतो. त्यामुळे घरात कोंबडी आणली की ती रात्रीच करायची आणि उरलेली दुसऱ्या दिवशी दुपारी खायची, असा आमचा रिवाज होता. "टाकून कसे द्यायचे?" हा प्रश्न गरिबाच्या घरात नेहमीच मोठा असतो.

ढाब्यावरील त्या प्रसंगाच्या आदल्याच उन्हाळ्यात असा उरलेला रस्सा माझ्या धाकट्या बहिणीने दुपारी खाल्ला. संध्याकाळपर्यंत तिला उलट्या आणि जुलाब सुरू झाले. दोन दिवस सलाईन लावावे लागले. आई-वडिलांचा रोज बुडाला तो निराळाच. आईने त्यानंतर कितीतरी दिवस स्वतःला दोष दिला. तिचा दोष नव्हता. रस्सा वासाला चांगला होता, चवीलाही चांगला होता. अन्न बिघडले की वास येतो, अशी आपली समजूत असते. परंतु आजार आणणारे सगळे जंतू वास देतातच असे नाही.

हे जंतू साधारण ५ अंशांपासून ६० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात वाढतात. आपल्या घरातील उन्हाळ्याची हवा नेमकी या मर्यादेत पडते, आणि जंतूंना ती फार मानवते. म्हणून शिजवलेले मांस एरवी दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये आणि हवा ३२ अंशांच्या वर गेली असेल तर एका तासापेक्षा जास्त ठेवू नये, असा नियम आहे. हा नियम वाचला तेव्हा पहिल्यांदा बहिणीचा चेहरा डोळ्यांसमोर आला. मग ढाब्यावरच्या त्या ताईंचे सॅलड आठवले. थोडा वेळ जाळ, थोडेच करणे आणि केलेले लगेच संपवणे : आम्हाला हवे होते ते हेच.

साहित्य (चार माणसांसाठी)

कोंबडीचे बिनहाडाचे मांस, शक्यतो छातीचे, अर्धा किलो, मध्यम आकाराची एक कैरी, खरबुजाच्या फोडी दोन वाट्या, मिळाल्यास द्राक्षे एक वाटी, न लिबलिबणारे एक पिकले केळे, एक काकडी, एक लहान कांदा, मूठभर कोथिंबीर आणि पुदिन्याची दहा-बारा पाने, दोन हिरव्या मिरच्या, भाजलेल्या शेंगदाण्यांचा जाडसर कूट अर्धी वाटी, एक मोठे लिंबू, शेंगदाण्याचे तेल दोन चमचे, भाजलेल्या जिऱ्याची पूड एक चमचा, सुपारीएवढा गूळ, मीठ. शिजवण्यासाठी आल्याचा तुकडा, चार लसूणपाकळ्या आणि चिमूटभर हळद.

येथे कोंबडी 'बॉयलर' घ्यावी. गावरान कोंबडीची चव थोर, हे मला मान्य आहे. पण ती वयाने मोठी आणि हिंडणारी-फिरणारी असल्यामुळे तिचे मांस चिवट होते आणि शिजायला वेळ घेते. ज्याला आपण बॉयलर म्हणतो तो ब्रॉयलर पक्षी पाच-सहा आठवड्यांतच विक्रीला येतो, म्हणून त्याचे मांस कोवळे असते. पुण्याला १९७१ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. अशा उद्योगांमुळेच पुढे ही कोंबडी खेड्यापाड्यांतील दुकानांपर्यंत पोहोचली.

कृती

१. आधी फळे, काकडी आणि कांदा धुऊन चिरून घ्यावा. कच्च्या मांसाला हात लावण्यापूर्वीच हे काम उरकावे. विळी एकच असेल तर हा क्रम कधीही मोडू नये. कोंबडीवरचे जंतू शिजताना मरतात. पण तेच विळीवरून खरबुजाला लागले तर त्यांना मारणारे कोणी नसते. केळे मात्र आता चिरू नये. चिरलेले सारे झाकून माठाजवळ ठेवावे.

२. मांसाचे अंगठ्याएवढे तुकडे करावेत. ते नळाच्या धारेखाली धुऊ नये, कारण शिंतोड्यांबरोबर जंतू भांड्यांवर आणि ओट्यावर उडतात. नंतर विळी आणि हात साबणाने धुवावेत.

३. पातेल्यात तुकडे बुडतील इतकेच पाणी घेऊन त्यात आले, लसूण, हळद आणि थोडे मीठ घालावे. उकळी आली की तुकडे सोडावेत, झाकण ठेवावे आणि मंद जाळावर दहा-बारा मिनिटे शिजवावे. जाळ मोठा ठेवला तर मांस आकसून कोरडे होते. सर्वांत जाड तुकडा मोडून पाहावा. आत गुलाबी रंग दिसला तर आणखी शिजवावे.

४. तुकडे परातीत पसरावेत. दुसऱ्या मोठ्या परातीत माठाचे पाणी घेऊन त्यावर ही परात ठेवली की ते लवकर निवतात. निवल्यावर स्वच्छ हातांनी त्यांचे रेषे सोडवावेत. खाली राहिलेले पाणी फेकू नये. त्यात मिरपूड घालून ते गरम असतानाच प्यावे. आमच्याकडे यावर आजीचा हक्क आहे.

५. गूळ लिंबाच्या रसात विरघळवावा. त्यात तेल, जिरेपूड आणि बारीक चिरलेली मिरची घालून घोटावे. आता केळे चिरून लगेच या रसात घोळवावे. मग मांस, फळे, काकडी, कांदा, कोथिंबीर आणि पुदिना एकत्र करावा.

६. अगदी ताटे वाढताना मीठ आणि दाण्याचा कूट घालून एकदा खालीवर करावे. वर फोडणी देऊ नये. बरोबर ज्वारीची भाकरी असावी.

सगळे मिळून अर्धा-पाऊण तास लागतो. त्यात चुलीपुढे बसणे पंधरा मिनिटांचे.

यामागचे शास्त्र

आजी कोशिंबिरीला मीठ शेवटी लावते. "आधी लावलं तर पाणी सुटतं," एवढेच ती सांगते. पुस्तकात याला परासरण म्हणतात. बाहेर मिठाचे प्रमाण वाढले की काकडीच्या पेशींतील पाणी पातळ पडद्यातून बाहेर ओढले जाते. केळ्याला लिंबू लावायचे कारणही असेच आहे. चिरलेल्या केळ्यातील विकरांचा हवेशी संबंध आला की ते काळे पडते. लिंबाच्या आंबटपणाने ही क्रिया मंदावते. जळगावच्या केळ्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आपल्या कोशिंबिरीत ते काळे दिसणे बरे नव्हे!

दोन फळांबाबत सावध राहावे. कच्च्या पपईत पपेन आणि अननसात ब्रोमेलिन नावाचे विकर असते. ही विकरे प्रथिनांचे तुकडे करतात. जून मटण लवकर शिजावे म्हणून आचारी कच्ची पपई लावतात ती याचसाठी. पण आधीच कोवळ्या असलेल्या कोंबडीत अननस घालून ठेवला तर मांसाचा लगदा होतो. अननस हवाच असेल तर त्याच्या फोडी उकळून घ्याव्यात. उष्णतेने ते विकर निकामी होते.

आहाराच्या दृष्टीने पाहिले तर छातीच्या १०० ग्रॅम मांसात २० ग्रॅमपेक्षा अधिक प्रथिने असतात. कैरी आणि लिंबू यांतील 'क' जीवनसत्त्व अन्नातील लोह अंगी लागायला मदत करते. खरबूज आणि काकडी यांत बहुतेक पाणीच असते. घाम गाळून आलेल्या माणसाला पाणी, मीठ आणि बळ हे तिन्ही एका ताटलीत मिळते.

एक जुनी भीती

फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूर येथे बर्ड फ्लू आढळला. भारतातील कोंबड्यांत या रोगाची ती पहिली नोंद होती. पाठोपाठ मार्च महिन्यात आपल्या जळगाव जिल्ह्यातील काही गावांतही तो आढळला. लाखो कोंबड्या नष्ट करण्यात आल्या आणि कित्येक पाळणारे कर्जात बुडाले. माझा जन्म त्याच वर्षाचा. त्या वर्षी बारशाच्या जेवणालाही कोणी कोंबडीचे नाव काढले नाही, असे आई सांगते. मांस आतपर्यंत ७० अंशांवर शिजले की तो विषाणू मरतो, हे तेव्हाही जाणकार सांगत होते. पण भीतीपुढे ते कोणाच्या कानी गेले नाही. म्हणून कोशिंबीर 'गार' असली तरी तिच्यातील कोंबडी पूर्ण शिजलेलीच हवी, हे पुन्हा एकदा सांगतो. फ्रिज असला तरी वीज किती वेळ असेल याचा भरवसा धरू नये. जे उरेल असे वाटते ते आधीच कमी करावे.

माळकरी मित्रांनी रागावू नये. कोंबडीऐवजी उकडलेले हरभरे किंवा मोड आलेली मटकी वाफवून घातली तरी कृती तीच राहते.

शेवटी

गेल्या मे महिन्यात मी पहिल्यांदा ही कोशिंबीर घरी केली. आई शेतातून आली तेव्हा ताटे मांडलेली होती. तिने आधी चुलीकडे पाहिले, मग माझ्याकडे. जेवण झाल्यावर ती अंगणातल्या लिंबाखाली आडवी झाली आणि चक्क तासभर झोपली. उन्हाळ्याच्या दुपारी आईला झोपलेले मी त्याआधी पाहिल्याचे आठवत नाही. बहिणीने दोनदा वाढून घेतले. आजी खाऊन म्हणाली, "कैरी जरा कमी पडली." पुढच्या खेपेला मी ती वाढवली आणि तिचे म्हणणे खरे निघाले. वर दिलेले प्रमाण तिने सुधारलेले आहे.

वाचकांना विनंती की, त्यांनी हे करून पाहावे आणि चूक दिसल्यास सांगावे. आपल्या घरची एखादी कोशिंबीर, ती करणाऱ्या हाताला विचारून, पुढील अंकासाठी कोणी लिहून दिली तर मला फार आनंद होईल.

— द्वितीय वर्ष, कला