गोलंदाजाची पाठ

क्रिकेट तुम्हां सर्वांना आवडते. वेगवान गोलंदाज धावत येतो, उडी घेतो आणि चेंडू टाकतो. पण त्या क्षणी त्याच्या शरीरावर केवढा भार पडतो, याचा विचार तुम्ही कधी केला आहे का?

त्याचा पुढचा पाय जमिनीवर आदळतो, तेव्हा शरीराच्या वजनाच्या पाच पटींहूनही अधिक जोर पडू शकतो. त्याच वेळी पाठ वाकते आणि वळते. असा भार वारंवार पडला, तर कण्याच्या हाडाला बारीक तडा जाऊ शकतो.

ऑस्ट्रेलियाचे गोलंदाज डेनिस लिली यांचे असेच झाले. १९७३ साली वेस्ट इंडीजच्या दौऱ्यात त्यांच्या कण्याला तडे गेले. त्यांचा खेळ संपला, असे अनेकांना वाटले. पण क्रीडाशास्त्रज्ञ डॉ. फ्रँक पाइक यांच्या मदतीने त्यांनी नियमित व्यायाम केला. गोलंदाजीची शैलीही सुधारली. १९७४ साली ते पुन्हा कसोटी सामना खेळले. १९८४ साली ते निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या नावावर ३५५ बळी होते. तो त्या वेळचा जागतिक विक्रम होता.

शरीराच्या हालचालींचा असा अभ्यास करणाऱ्या शास्त्राला जैवयांत्रिकी म्हणतात. अभ्यासक वेगवान कॅमेऱ्याने गोलंदाजाची हालचाल टिपतात आणि एकेक चित्र तपासतात. काही गोलंदाजांचे खांदे एका दिशेला व कंबर दुसऱ्या दिशेला असते. त्यामुळे कणा पिळला जातो, असे त्यांना दिसले. म्हणून प्रशिक्षक खांदे व कंबर एकाच दिशेला ठेवायला शिकवतात. लहान वयात हाडे पक्की झालेली नसतात. म्हणून मुलांना ठरावीक षटकेच टाकू देतात.

१९८७ साली मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, एमआरएफ पेस फाउंडेशन सुरू झाले. लिली तेथे भारतीय मुलांना शिकवू लागले. आपल्या महाराष्ट्रातील श्रीरामपूरचे झहीर खान याच संस्थेत घडले. २०११ च्या विश्वचषकात त्यांनी २१ बळी घेतले.

मुलांनो, जोरात चेंडू टाकण्याआधी बरोबर टाकायला शिका. पाठ दुखत असेल, तर लपवू नका. आईवडिलांना आणि सरांना सांगा.

शब्दार्थ
कणा – पाठीचे मुख्य हाड
तडा – भेग, चीर
षटक – सहा चेंडूंचा गट

स्वाध्याय
१. लिली पुन्हा कसे खेळू शकले?
२. कणा का पिळला जातो?
३. मुलांना ठरावीक षटकेच का टाकू देतात?