हसण्याआधी एवढं ऐक

अगं, परवा तू मला ती रील पाठवलीस ना, कंपनीच्या बसमधून काढलेली, सिग्नलवर टाळी वाजवत पैसे मागणाऱ्या तृतीयपंथी बाईची? मी रागावले म्हणून गप्प राहिले असं तुला वाटलं असेल. तसं नाही. हे फोनवर टाइप करून सांगण्यासारखं नव्हतं. आज तुलाही वीकली ऑफ आहे आणि मलाही, तर चहा घे आणि ऐक.

पहिलं म्हणजे, तू वाईट मुलगी नाहीस, हे मला माहीत आहे. गावाकडून येऊन तुला चार महिनेही झाले नाहीत. मेसमध्ये तुझं 'व्हय की' ऐकून पोरी नक्कल करायच्या, तेव्हा तू जेवण अर्धं टाकून उठायचीस. आता त्याच पोरींच्या ग्रुपमध्ये तुला घेतलंय. तिथं दुसऱ्या कुणाला हसलं की आपली पाळी टळते, हे तुला न सांगता कळलंय. या कारखान्यांच्या पट्ट्यात बहुतेक सगळे कुठून तरी आलेले. लातूरचा परभणीच्याला हसतो, दोघं मिळून बिहारच्या पोराला हसतात, आणि सगळ्यांनी मिळून हसायला कुणी तरी लागतंच. त्या बाईचा नंबर असा लागतो.

तू म्हणशील, 'ताई, पण त्या अंगावर येतात, भीती वाटते.' वाटू शकते. पैसे द्यायचे नसतील तर नको देऊस. तोंडाकडे बघून सरळ 'नाही' म्हण आणि बाजूला हो. एवढा तुझा हक्क आहे. पण नाही म्हणणं वेगळं आणि कॅमेरा काढणं वेगळं. आणि 'कष्ट करायला काय होतं यांना' असं जे तू खाली लिहिलंस, त्याबद्दल जरा बोलू. तुला चाकणला लावून घेतलं तेव्हा गेटवर काय काय मागितलं? आधार, आयटीआयचं सर्टिफिकेट, बँकेचं पासबुक. या तृतीयपंथी बायांमधल्या कितीतरी जणींचं घर कोवळ्या वयात सुटतं, घराबरोबर शाळा सुटते, आणि कागदावर नाव एक अन् समोर माणूस दुसराच दिसतो. मग गेटच्या आत घेणार कोण?

आपल्या पिंपरी-चिंचवड महापालिकेनं घेतलं. 2022 साली, राजेश पाटील आयुक्त असताना, तृतीयपंथीयांना सुरक्षारक्षक म्हणून आणि ग्रीन मार्शल पथकात काम दिलं. ग्रीन मार्शल म्हणजे रस्त्यावर थुंकणाऱ्याला, कचरा टाकणाऱ्याला दंड करणारे. पन्नाशी ओलांडलेल्या तृतीयपंथीयांसाठी पेन्शनची योजनाही आणली. म्हणजे 'कष्ट करा' म्हणणाऱ्यांना उत्तर आपल्याच शहरात मिळालेलं आहे.

आणि बघ, महापालिका गणवेश देऊ शकते, पगार देऊ शकते. पण त्या ज्या फाटकावर उभ्या असतात, तिथून जाणारी माणसं आपणच असतो. रोज कुणी मुद्दाम टाळी वाजवून दाखवली, कुणी आवाजाची नक्कल केली, कुणी लपून फोटो काढला, तर ती बाई ड्युटीवर किती दिवस टिकेल? आणि सोडून गेली की आपणच म्हणणार, 'बघा, यांना काम नकोच असतं.' नोकरी देणारे थोडे असतात, घालवणारे आपण सगळे असू शकतो.

शहरातल्या पोरी पुढारलेल्या आणि आपलं गाव मागासलेलं, असं हल्ली तुला वाटायला लागलंय, म्हणून आपल्याच जिल्ह्यातलं सांगते. माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावानं 2017 साली ज्ञानदेव कांबळे या तृतीयपंथीयाला सरपंच म्हणून निवडून दिलं. थेट लोकांच्या मतांवर. गावातल्या साध्या माणसांनीच बटण दाबलं.

आणि हिणवण्याचं म्हणशील, तर आळंदी आठव. इथून अर्ध्या-पाऊण तासावर. वारीच्या वेळी आपण पालखीला हात लागावा म्हणून धडपडतो. त्याच आळंदीत ज्ञानोबा आणि त्यांची भावंडं 'संन्याशाची पोरं' म्हणून हिणवली गेली. लोकांच्या बोलण्यानं दुखावून ज्ञानोबांनी ताटी लावून घेतली आणि धाकट्या मुक्ताईनं त्यांना समजावून ती उघडायला लावली, अशी कथा आहे. हिणवलेला माणूस दार लावून घेतो. त्यांच्या दाराबाहेर मुक्ताई होती. सिग्नलवरच्या बाईच्या दाराबाहेर कुणी असेलच असं नाही.

मुक्ताई हो असं मी म्हणत नाही. साध्या गोष्टी कर. गेटवर भेटलेल्या रक्षकाला इतरांसारखंच 'नमस्कार ताई' म्हण. शरीराबद्दल, ऑपरेशनबद्दल विचारू नकोस. तुला कुणी विचारलेलं चालेल का? लाईनवरच्या त्या हळू बोलणाऱ्या पोराला 'बायल्या' म्हणतात तेव्हा त्याच्या शेजारी डबा खायला बस. भांडायला जाऊ नकोस, बसलीस तरी पुष्कळ झालं. आणि हेही माहीत असू दे, तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा 2019 चा कायदा आहे, त्यात शिवीगाळ आणि मानसिक छळ हासुद्धा गुन्हा धरलाय. 'गंमत केली' म्हणून तो माफ होत नाही.

आता ग्रुपवर काय लिहायचं, हेच विचारणार ना? 'मला हे बरं वाटलं नाही, मी माझी कमेंट काढतेय, तुम्हीपण रील काढा.' बस्स. भाषण नको. दोघी-तिघी तोंड वाकडं करतील, एखादी दोन दिवस बोलणार नाही. आणि एखादी हळूच येऊन सांगेल की तिलाही ते खटकलं होतं. तिला धरून राहा, या शहरात तीच तुझी खरी मैत्रीण. आणि फारच त्रास झाला, रूमवर राहवेना, तर बॅग उचल आणि मोशीला माझ्याकडे ये. जागा कमी आहे, पण दोघी मावू.