ज्याने सोसले, तोच सोबती

मनोविकारातून सावरलेला माणूस दुसऱ्या रुग्णाला आधार देऊ शकतो का? होय, पण त्यासाठी शिक्षण हवे. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात १९९९ पासून अशा कामाचा मोबदला शासकीय आरोग्य योजनेतून मिळू लागला. २००७ मध्ये तेथील केंद्र सरकारने अटी घातल्या : प्रशिक्षण व प्रमाणपत्र, जाणकाराची देखरेख आणि उपचारांशी मेळ.

असा सोबती निदान करीत नाही, औषधे बदलत नाही. तो ऐकून घेतो, स्वतःचा अनुभव सांगतो, धीर देतो. रुग्ण आत्महत्येविषयी बोलला, तर मात्र ते गुपित न ठेवता ताबडतोब डॉक्टरांना कळवावे. 'टेलिमानस'च्या १४४१६ या क्रमांकावरही मदत मिळते.

पुण्याच्या 'मुक्तांगण'मध्ये व्यसनमुक्त झालेलेच अनेकजण समुपदेशन करतात. म्हणून बऱ्या झालेल्या माणसाला 'वेडा' म्हणून घरी बसवू नका.