‘बाकी होऊन जाते’ म्हणजे नेमके किती?

“काका, चाळीस पकडून चला. बाकी होऊन जाते.”

नागपूरला रामदासपेठेत सेंट्रल बाजार रोडच्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या काचेच्या केबिनमध्ये बसलेल्या मुलाने ब्रोशरच्या मागे पेन्सिलीने ४० लिहिले, त्याभोवती गोल काढला आणि कागद माझ्याकडे सरकवला. भाचीला अमेरिकेत एमएस करायचे होते. ताई, भाऊजी आणि मी चौकशीला गेलो होतो. हे चाळीस लाख एका वर्षाचे की दोन, राहणे-खाणे धरून की सोडून, हे काही त्या गोलात नव्हते. काही महिन्यांनी विद्यापीठाचा कागद हातात आला तेव्हा कळले की आकडा तसा खोटा नव्हता, फक्त तो पहिल्या वर्षाचा होता.

पुढचा सगळा हिशेब त्या ‘बाकी’चा. डॉलर ९० रुपये धरला आहे. तुम्ही वाचाल त्या दिवशीचा भाव घालून बेरीज पुन्हा करा.

तो कागद म्हणजे आय-ट्वेंटी. प्रवेश मिळाल्यावर आणि पहिल्या वर्षाचे पैसे आहेत हे दाखवल्यावर विद्यापीठ तो देते, आणि त्याच्याशिवाय एफ-वन व्हिसाचा अर्जच होत नाही. त्यावर ट्यूशन, राहण्याचा खर्च आणि इतर खर्च असे आकडे वेगवेगळे छापलेले असतात. भाचीच्या कागदावर ट्यूशन आणि फी २६,४०० डॉलर, राहणे-खाणे १४,००० आणि आरोग्य विमा धरून इतर २,६०० असे होते. एकूण ४३,००० डॉलर, म्हणजे ३८ लाख ७० हजार रुपये. हे मध्यम दर्जाचे सरकारी विद्यापीठ, आणि तेही लहान गावातले. मोठ्या शहरातल्या खासगी विद्यापीठात ट्यूशनच ५०-६० हजार डॉलरच्या घरात जाते. बारावीनंतर चार वर्षांच्या पदवीला जायचे असेल, तर महागड्या खासगी कॉलेजांचा राहण्यासकट वर्षाचा छापील आकडा ९० हजार डॉलरच्या पुढे गेला आहे.

आय-ट्वेंटीवरचा आकडाही जरा खरवडून पाहावा लागतो. तो बहुधा नऊ महिन्यांच्या शैक्षणिक वर्षाचा असतो. घरमालक भाडे बारा महिन्यांचे घेतो. दुसरे वर्ष त्यावर नसते. आणि डॉलर एका जागी थांबत नाही. ४३,००० डॉलरचा खर्च असेल तर डॉलर एका रुपयाने वर गेला की वर्षाचे ४३,००० रुपये वाढले. २०१४ साली डॉलर साठ-एकसष्टला होता हे ज्यांना आठवते, त्यांनी दुसऱ्या वर्षाचा हिशेब दोन-चार रुपये चढाच धरावा.

आता विमानात बसण्याआधीचा खर्च. हा इथेच नागपुरात, सुट्या सुट्या रकमांनी जातो, त्यामुळे लक्षात येत नाही; आणि कर्ज मंजूर होण्याच्या आधीच जात असल्याने तो घरातूनच करावा लागतो. पासपोर्ट १,५०० रुपये. जीआरई साधारण २२ हजार, टोफेल किंवा आयईएलटीएस १७-१८ हजार. अर्जाची फी दर विद्यापीठाला ५० ते १०० डॉलर. सहा अर्ज, सरासरी ८० डॉलर धरले तर ४३ हजार. जीआरईचे गुण परीक्षेच्या दिवशी चार ठिकाणी फुकट जातात, पुढच्या प्रत्येक ठिकाणी वेगळे पैसे. म्हणून परीक्षेला जातानाच चार नावे ठरलेली हवीत. भाचीने ठरवली नव्हती. मग परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची सेव्हिस फी ३५० डॉलर, व्हिसा फी १८५ डॉलर. त्यात व्हिसासाठी मुंबईची खेप मिळवली की दीड लाखाच्या वर जाते. जुलै २०२५ मध्ये झालेल्या अमेरिकी कायद्यात व्हिसावर आणखी २५० डॉलरची आकारणी घातली आहे, तेव्हा अर्ज भरायच्या दिवशी दूतावासाच्या अधिकृत पानावरचे शुल्क बघूनच पैसे बाजूला ठेवा. प्रवेश पक्का करायला बहुतेक ठिकाणी काहीशे डॉलरची अनामत लागते. ऑगस्टच्या गर्दीतले एकेरी तिकीट, बॅगा, थंडीचे कपडे आणि तिथे उतरल्यावरचे घराचे डिपॉझिट वेगळे. विमानात पाय ठेवीपर्यंत अडीच-तीन लाख गेले तर कोणी फसवले असे समजू नका, तेवढे लागतातच.

फसवणूक म्हणण्यासारखे काही असेल तर ते ‘फ्री काउन्सेलिंग’ या पाटीत आहे. रामदासपेठेत दवाखान्यांच्या पाट्या आणि परदेशी शिक्षणाच्या पाट्या एकाच जिन्यात लागतात. दवाखान्यात तपासणी फी किती ते बाहेर लिहिलेले असते. शेजारच्या काचेच्या केबिनमध्ये सगळे फुकट असते, आणि प्रश्न तिथेच विचारायला हवा: मग हे एसी कोणाच्या पैशाने चालते? बऱ्याच परदेशी संस्था एजंटला विद्यार्थ्यामागे कमिशन देतात, सहसा पहिल्या वर्षाच्या ट्यूशनचा ठरावीक हिस्सा. दहा टक्के धरले तरी २६,४०० डॉलरवर २,६४० डॉलर, म्हणजे २ लाख ३७ हजार रुपये. हे बेकायदा नाही. पण वैद्यकात ज्याला कट प्रॅक्टिस म्हणतात त्याची आठवण मला त्या केबिनमध्ये झाली. आमच्या हाती दिलेल्या आठ विद्यापीठांच्या यादीत सहा नावे अशी होती की भाचीच्या एकाही प्राध्यापकाने ती ऐकलेली नव्हती. जी विद्यापीठे एजंटमार्फत मुले घेत नाहीत, ती अशा यादीत येणार तरी कशी?

म्हणून तोंडावर विचारा, या यादीतल्या कोणत्या विद्यापीठांशी तुमचा करार आहे? सांगायला टाळाटाळ झाली तर उठा. फी घेणाऱ्या सल्लागाराचे निदान गणित उघड असते, पण तिथे १८ टक्के जीएसटी धरून रक्कम विचारा: पन्नास हजारांचे एकोणसाठ होतात. पावती घ्या. व्हिसा नाकारला किंवा प्रवेश झाला नाही तर किती परत, हे त्याच पावतीवर लिहून घ्या. लेखी असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगात बोलता येते. ‘अनुभवाचे पत्र करून देऊ’ असे कोणी म्हणाले, तर मात्र फीची घासाघीस करत बसू नका. खोट्या कागदावर सापडलेल्या मुलाला अमेरिकेचा दरवाजा कायमचा बंद होऊ शकतो.

खरोखर फुकट सल्ला हवा असेल तर अमेरिकी परराष्ट्र खात्याची एज्युकेशन यूएसए नावाची व्यवस्था आहे. मुंबई-हैदराबादला त्यांची केंद्रे आहेत आणि बरेचसे काम ऑनलाइन होते. ते अर्ज भरून देत नाहीत, विद्यापीठही सुचवत नाहीत. कसे निवडायचे ते शिकवतात. सुरुवातीला भाऊजींना हे फार बेचव वाटले.

कर्जाकडे येऊ, कारण नागपूरकराची खरी अडचण तिथे होते. पस्तीस-चाळीस लाखांच्या कर्जाला सरकारी बँक बहुधा तारण मागते, आणि आपल्याकडे तारण म्हणजे प्लॉट. बेसा, मानेवाडा, कोराडी रोड, कुठे ना कुठे वडिलांनी घेतलेला एक प्लॉट असतोच. बँकेचा वकील पहिला प्रश्न विचारतो, “आरएल आहे का?” नागपूर सुधार प्रन्यासचे नियमितीकरणाचे पत्र नसेल, तर बाजारात साठ लाखांचा असलेला प्लॉट बँकेच्या टेबलावर शून्याचा ठरतो. हे पत्र चार दिवसांत होत नाही. मुलगी शेवटच्या वर्षाला गेली की अर्ज टाकून ठेवावा. काटोल-नरखेडकडची संत्र्याची बागही कामाला येत नाही. कर्ज थकल्यावर तारण विकून वसुली करण्याच्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे, म्हणून बँका तिला हात लावत नाहीत. भाऊजींची सगळी भिस्त बागेवर होती. शेवटी फ्लॅट गहाण पडला. व्हॅल्युअरची फी, वकिलाचा सर्च रिपोर्ट, गहाणखताचे मुद्रांक शुल्क, बँकेची प्रोसेसिंग फी या ‘बाकी’ची बेरीजही हजारांतच होते.

विनातारण कर्ज खासगी वित्तसंस्था झटपट देतात, पण व्याज चढे. हप्त्याचा अंदाज असा: ४० लाख, १० टक्के, १० वर्षे, तर महिन्याला सुमारे ५३ हजार रुपये. शिकताना हप्ता नसतो, व्याज मात्र चालू असते. पूर्ण ४० लाख उचलले की ते महिन्याला ३३ हजार होते. शक्य असेल तर निदान व्याज घरून भरत राहा. जुन्या करप्रणालीत असाल तर या व्याजावर आठ वर्षे वजावट मिळते.

हा हप्ता डॉलरच्या पगारातून जाईल असे सगळे धरून चालतात. शिक्षणानंतर एक वर्ष, आणि विज्ञान-तंत्रज्ञान शाखांना आणखी दोन वर्षे तिथे काम करता येते, हे खरे. पुढचे एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाचे दार मात्र अरुंद झाले आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले. तिथेच शिकून व्हिसाचा प्रकार बदलून घेणाऱ्यांना ते लागू नाही असा खुलासा पुढच्या महिन्यात आला, पण एवढे झटके पाहिल्यावर हिशेब इथल्या, मिहान किंवा हिंजवडीच्या पगारावर करावा. त्या पगारातून ५३ हजार जात असतील तर कर्ज घ्या.

शिष्यवृत्ती मिळाली तर हे सगळेच गणित बदलते, आणि याचे सर्वात मोठे उदाहरण रामदासपेठेपासून दीक्षाभूमी जितकी जवळ तितकेच आपल्याला जवळचे आहे. १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर: महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षे. तेव्हा पौंडाला १५ रुपये पडत, म्हणजे महिना १७२ रुपये ८ आणे. डॉलर तीन रुपयांच्या जरासा वर. बदल्यात दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. आज अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्राची नॅशनल ओव्हरसीज आहे. दोन्हींत विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीला महत्त्व असते, म्हणून एजंटच्या यादीतले अनोळखी नाव घेऊन तिथे जाऊ नका. जे. एन. टाटा एन्डाउमेंट १८९२ पासून परदेशी शिक्षणासाठी कर्जरूपी शिष्यवृत्ती देते. निकाल आणि अनामत भरायची तारीख यांची गाठ पडेलच असे नाही. विद्यापीठाला ईमेल करून मुदत मागितली तर बहुधा मिळते. मागायला लाजू नये.

पदवीसाठी जाणाऱ्या हुशार मुलांच्या घरी एक गोष्ट पोचतच नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट ही कॉलेजे परदेशी मुलांनाही घरची ऐपत न बघता निवडतात आणि निवडल्यावर ऐपतीपुरतेच पैसे घेतात. तिथे शिरणे महाकठीण, पण शिरल्यावर एखाद्या शिक्षकाच्या मुलाला ते वर उल्लेखलेल्या लहान गावातल्या विद्यापीठापेक्षा स्वस्त पडते. विज्ञानातल्या पीएचडीला तर फी माफ होऊन वर विद्यावेतन मिळते. एमएसला असे काही मिळेल हे हिशेबात धरू नका. कॅम्पसवर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येते. त्यातून किराणा निघतो, फी निघत नाही.

पैसे पाठवताना दोन ठिकाणी गळती होते. पहिली टीसीएसची, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक कापून घेते त्या कराची: एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाखांपर्यंत तो लागत नाही, आणि बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या पैशावर मुळीच लागत नाही. स्वतःच्या खात्यातून १० लाखांवर पाठवलेत तर कापला जातो (२०२५-२६ मध्ये ५ टक्के होता) आणि विवरणपत्र भरल्यावर वळता होतो, पण तोवर अडकतो. आई आणि वडील दोघांच्या खात्यांतून पाठवले तर मर्यादा दोघांना वेगळी मिळते. दुसरी गळती भावाची. बँक ज्या दराने डॉलर देते तो टीव्हीवरच्या दरापेक्षा रुपया-सव्वा रुपयाने चढा असतो. एका सत्राचे २१,५०० डॉलर पाठवायचे असतील तर एका रुपयाला साडेएकवीस हजार पडतात. भाऊजी शाखेत जाऊन बसले, दोन बँकांचे दर कागदावर मांडले, आणि मॅनेजरने साठ पैसे कमी केले. पूर्ण व्यवहारात त्यांना सर्वात जास्त आनंद या तेरा हजारांचा झाला.

व्हिसाला नागपुरात काहीच होत नाही. बोटांचे ठसे एक दिवस, मुलाखत दुसऱ्या दिवशी, म्हणजे मुंबईत निदान एक रात्र. तारीख मिळत असेल तर हैदराबादही चालते आणि ते आपल्याला जवळ आहे. मुलाखत दोन-तीन मिनिटांची असते. आई-वडिलांना आत घेत नाहीत, तेव्हा चौघांची तिकिटे काढू नका.

लसी मात्र इथेच घ्या. गोवर-गालगुंड-रुबेला, मेनिंजायटिस वगैरेची यादी विद्यापीठ पाठवते, आणि तिथे जाऊन घेतल्या तर बिल डॉलरमध्ये येते. भाचीने लेंड्रा पार्कजवळच्या एका दवाखान्यात सगळ्या टोचून घेतल्या, तारखांवर शिक्का मारून घेतला आणि तो कागद आय-ट्वेंटीसोबत हातातल्या पिशवीत ठेवला. बाकी दोन बॅगा, प्रत्येकी २३ किलो. निघायच्या आदल्या दिवशी भाऊजींनी गल्लीच्या तोंडावरच्या रद्दीवाल्याकडून वजनकाटा आणला. एक बॅग २४.८ भरली. ताईने पावणेदोन किलो भाजणीचे पीठ बाहेर काढले, आणि भाची पाठ वळवताच अर्धे परत घातले.