पाठकोऱ्या कागदावरची उजळणी

मार्च-एप्रिलमध्ये आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवण सोडून सगळं असतं. एका टोकाला मी, मानसशास्त्राच्या मुलांचे सरावाचे पेपर तपासत. दुसऱ्या टोकाला माझा भाचा. दिवसभर नोकरी करून रात्री सीसीएनए या नेटवर्किंगच्या प्रमाणपत्र परीक्षेचा अभ्यास करतो. त्याचं पुस्तक हायलायटरने इतकं पिवळं झालंय की न रंगवलेली ओळच आता डोळ्यांत भरते.

"मावशी, सबनेटिंग तीनदा झालंय," तो एका रात्री म्हणाला. नेटवर्कचे छोटे भाग पाडायचं ते गणित. मी त्याचंच पुस्तक ओढलं, स्वाध्यायातला एक प्रश्न निवडला, पुस्तक मिटलं आणि त्याच्यापुढे एक पाठकोरा कागद सरकवला. १९२.१६८.१०.७७/२६ हा पत्ता कोणत्या नेटवर्कमधला? चार मिनिटं खाडाखोड झाली. मग पेन खाली ठेवत म्हणाला, "येतं गं मला. आत्ता आठवत नाहीये फक्त."

हे वाक्य मी वर्गात दरवर्षी ऐकते. फ्रॉइड असो की राउटर, वाक्य तेच. लग्नाच्या हॉलमध्ये कुणीतरी समोर येऊन "ओळखलंस का?" विचारतं, चेहरा पक्का ओळखीचा असतो आणि नाव काही केल्या ओठावर येत नाही, त्यातलाच हा प्रकार. आमच्या विषयात चेहरा ओळखण्याला प्रत्यभिज्ञा म्हणतात, नाव आठवण्याला प्रत्यावाहन. पुन:पुन्हा वाचल्याने ओळख वाढते. पेपरात मात्र नाव सांगावं लागतं.

हा फरक मोजला गेलाय. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला एक उतारा चार वेळा अभ्यासायला दिला. दुसऱ्या गटाने तो एकदाच अभ्यासला आणि मग तीन वेळा कोऱ्या कागदावर आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१. आणि आपल्याला आठवड्यानंतरही चांगलं आठवेल असा भरवसा कुणाला जास्त होता? वाचणाऱ्यांना. वाचताना येणारा आत्मविश्वास हा असा फसवा असतो, म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच्यावर नजर ठेवण्यासाठी आहेत.

१. आधी पेपर ओळखा, मग पुस्तक उघडा

अधिकृत अभ्यासक्रमपत्रिका छापून घ्या आणि प्रत्येक भागासमोर त्याचं वजन लिहा. सीसीएनएमध्ये आयपी कनेक्टिव्हिटीला २५ टक्के, नेटवर्कची मूलतत्त्वं आणि नेटवर्क ॲक्सेस यांना प्रत्येकी २०, सुरक्षेला १५, आयपी सेवा आणि ऑटोमेशन यांना १०-१०. भाच्याने पहिल्या प्रकरणावर बारा दिवस घालवले होते, कारण ते पहिलं होतं! एडब्ल्यूएस या क्लाउड सेवेच्या सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट परीक्षेत सुरक्षित रचनेला ३० टक्के, बिघाडात तग धरणाऱ्या रचनेला २६, कार्यक्षमतेला २४ आणि खर्च आटोक्यात ठेवण्याला २०.

मानसशास्त्राची नेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, देणाऱ्यांनीही हेच करावं. तीन तासांत १५० प्रश्न आणि ३०० गुण. त्यातले १०० गुण पहिल्या, म्हणजे सर्वांना समान असलेल्या पेपरचे. "तो बघू नंतर" म्हणत एक तृतीयांश गुण वाऱ्यावर सोडणारे हुशार विद्यार्थी मी पाहिलेत. बी.ए.च्या लेखी परीक्षेसाठी मागच्या काही वर्षांच्या प्रश्नपत्रिका घ्या आणि दीर्घोत्तरी काय येतं, टिपांना काय येतं, याच्या दोन याद्या करा.

२. पुस्तक मिटून लिहा

एक भाग वाचून झाला की पुस्तक मिटा, पाठकोरा कागद घ्या आणि दहा मिनिटं जे आठवेल ते लिहा. क्रम नको, अक्षर नको. मग पुस्तक उघडून राहिलेलं दुसऱ्या रंगाने भरा. तो दुसरा रंग म्हणजे उद्याचा अभ्यास. कागदावर तारीख घालून ठेवून द्या.

सुरुवातीला हे फार लाजिरवाणं वाटतं. एवढं वाचलं आणि पाचच ओळी? मुलं इथेच कंटाळून परत वाचनाकडे वळतात, कारण वाचताना कुणी असा अपमान करत नाही. पण आठवायला जोर लावावा लागतो तेव्हाच आठवण पक्की होते, म्हणून त्या पाच ओळी टाकू नका.

३. चुकांना नाव द्या

चूक झाली की नुसतं बरोबर उत्तर पाहून पुढे जाऊ नका. समोर एक अक्षर लिहा. 'म' म्हणजे माहीतच नव्हतं. 'ग' म्हणजे दोन गोष्टींत गोंधळ झाला. 'घ' म्हणजे घाईत प्रश्न नीट वाचला नाही. तिन्हींचं औषध वेगळं आहे. 'म'ला वाचन लागतं, 'ग'ला तुलना लागते आणि 'घ'ला प्रश्नातल्या 'नाही', 'सर्वांत कमी खर्चात', 'कोणते दोन' अशा शब्दांखाली रेघ मारायची सवय लागते.

मानसशास्त्रात 'ग'चं पीक मोठं. उदाहरण घ्या. गाडीत पट्टा लावला की टुंग-टुंग आवाज थांबतो, म्हणून आपण पट्टा लावू लागतो. हे काय? निम्मा वर्ग 'शिक्षा' म्हणतो. पण इथे नकोशी गोष्ट निघून गेल्यामुळे वर्तन वाढलं, म्हणून हे नकारात्मक प्रबलन. आणि सिग्नल तोडल्यावर पावती फाटली, पैसे गेले, पुढे सिग्नल तोडणं कमी झालं, तर? हवीशी गोष्ट गेली आणि वर्तन घटलं, म्हणून ही नकारात्मक शिक्षा. दोनच प्रश्न विचारा. वर्तन वाढलं की घटलं? काही मिळालं की गेलं? चार चौकटी आपोआप जागेवर बसतात.

मराठी माध्यमातल्या मुलांसाठी आणखी एक खड्डा आहे. नेटचा पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो. आपण ज्याला 'संवेदन' म्हणतो, म्हणजे मिळालेल्या माहितीचा अर्थ लावणं, त्याला हिंदीत 'प्रत्यक्षण' म्हणतात. हिंदीतलं 'संवेदना' म्हणजे आपलं 'वेदन'. आपलं 'अभिजात अभिसंधान' तिथे 'प्राचीन अनुबंधन' होतं. शब्द ओळखीचे वाटतात म्हणूनच जास्त फसवतात. मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तीन रकान्यांची यादी आजच सुरू करा.

४. तीन डबे

हर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग छापले. निरर्थक अक्षरगट पाठ करायचे आणि काही काळाने तेच पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात ते मोजायचं. वीस मिनिटांनी सुमारे ५८ टक्के श्रम वाचत, एका दिवसाने ३४, महिन्याने २१. घसरण आधी झपाट्याने आणि मग संथ होते. माझे विद्यार्थी हा आलेख सुबक काढतात आणि परीक्षेच्या आदल्या रात्री एका बैठकीत अख्खं सत्र वाचतात.

घसरणीवर उपाय म्हणजे अंतर ठेवून पुन्हा आठवणं. मिठाईचे तीन रिकामे खोके घ्या. पोस्टकार्डाएवढ्या कागदाच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. नवं कार्ड पहिल्या खोक्यात, तो रोज पाहायचा. उत्तर बरोबर आलं की कार्ड दुसऱ्यात, तो दर तीन दिवसांनी. तिथेही आलं की तिसऱ्यात, तो आठवड्याने. चुकलं की कार्ड कुठेही असो, परत पहिल्यात. जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर याने १९७२ मध्ये ही पद्धत लोकप्रिय केली. मोबाइलवर अँकी नावाचं ॲप हेच काम करतं. लोकलमध्ये उभ्याने ते बरं पडतं.

कार्डावर एकच प्रश्न हवा. "बँड्युराविषयी लिहा" हे कार्ड नव्हे. "बोबो बाहुलीच्या प्रयोगात मुलं कुणाकडून आणि कशी शिकली?" हे कार्ड. "ओएसपीएफ" हे कार्ड नव्हे. "दोन राउटर ओएसपीएफचे शेजारी होत नाहीत, तपासायच्या तीन गोष्टी कोणत्या?" हे कार्ड.

५. पाढ्यांची चूक करू नका

दिवेलागणीला शुभंकरोतीनंतर परवचा म्हणणाऱ्या पिढीने पुस्तक न पाहता रोज आठवण्याचा सराव केला, तो उगाच नव्हता. पण त्याची एक खोड होती. मध्येच "सतरा चोक?" विचारलं की मूल मनातल्या मनात सतरा एकेपासून चढत यायचं. क्रमाने पाठ केलेलं क्रमानेच सापडतं.

पेपर क्रमाने येत नाही. म्हणून पत्ते पिसावेत तशी कार्डं पिसा. वीस प्रश्नांच्या सरावात एकाच प्रकरणाचे वीस प्रश्न घेऊ नका, चार प्रकरणांचे पाच-पाच घ्या. गुण कमी पडतील आणि चिडचिडही होईल. पण 'हा प्रश्न कोणत्या प्रकारचा' हे ओळखणं हीच अर्धी परीक्षा असते आणि एकाच प्रकरणाच्या सरावात ती ओळख तुम्हाला आयतीच मिळालेली असते.

६. हात चालवा

तांत्रिक विषय वाचून येत नाही, जसं पोहणं वाचून येत नाही. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर मोफत मिळतं. त्यात दोन स्विच, दोन व्हीएलॅन, एक राउटर जोडा, चालवा, मग मुद्दाम एक गोष्ट बिघडवा आणि कारण शोधा. घरातल्या दुसऱ्या कुणाला बिघडवायला सांगितलंत तर उत्तम. मी भाच्याच्या गैरहजेरीत डोळे मिटून एक ओळ खोडली. ती शोधायला त्याला पाऊण तास लागला, पण ती ओळ आता त्याच्या डोक्यातून जाणार नाही.

सबनेटिंगसाठीही हातच. /२६ म्हटलं की शेवटच्या भागात ६४ची उडी: ०, ६४, १२८, १९२. ७७ बसतो ६४ ते १२७ मध्ये. म्हणून नेटवर्क ६४, ब्रॉडकास्ट १२७ आणि मधले ६२ पत्ते वापरायला. रोज असे पाच प्रश्न, घड्याळ लावून. पंधरवड्यात चार मिनिटांची वीस सेकंदं झाली.

मानसशास्त्रात हात चालवणं म्हणजे वेळ लावून पूर्ण उत्तर लिहिणं आणि प्रत्येक संकल्पनेला स्वतःच्या घरातलं उदाहरण शोधणं. पुस्तकातलं उदाहरण सगळ्यांच्याच पेपरात असतं. आजीच्या औषधाच्या वेळांवरून सुचलेलं तुमचं तुम्ही विसरत नाही.

७. नोकरी सांभाळून रोजचा तास

पहिली दहा मिनिटं: कालचा विषय कोऱ्या कागदावर. पुढची पंधरा: देय असलेली कार्डं. मग पंचवीस मिनिटं नवीन भाग किंवा लॅब. शेवटची दहा: पुस्तक मिटून आज काय झालं ते, आणि त्यातून तीन नवी कार्डं. रविवारी अर्धा सराव पेपर आणि चुकांना म, ग, घ. शेवटचे दोन आठवडे नवीन काही नको, पूर्ण वेळेचे सराव पेपर घ्या.

सराव पेपर म्हणजे डम्प नव्हेत. खऱ्या परीक्षेतले चोरलेले प्रश्न विकणारे पुष्कळ आहेत. ते नियमाने निषिद्ध आहेत, उघडकीला आलं तर प्रमाणपत्र रद्द होतं. न झालं तरी मुलाखतीत पहिल्या उपप्रश्नाला पितळ उघडं पडतं.

८. परीक्षेचे नियम आधी वाचा

सीसीएनएमध्ये १२० मिनिटं असतात आणि उत्तर देऊन पुढे गेलात की मागे येता येत नाही. म्हणून 'नंतर बघू' ही सवय सराव पेपरातच मोडा. एडब्ल्यूएसच्या वर सांगितलेल्या परीक्षेत १३० मिनिटांत ६५ प्रश्न, खूण करून परत येता येतं, आणि इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना इंग्रजीतल्या पेपरसाठी ३० मिनिटं जादा मागता येतात. मात्र हा अर्ज परीक्षेची तारीख घेण्याआधी करायचा असतो. नेट आणि एडब्ल्यूएस दोन्हींत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडणं म्हणजे हातचं टाकणं.

आदल्या रात्री झोपा. १९२४ मध्ये जेंकिन्स आणि डॅलनबाख यांनी दोनच विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात पाठ करून झोपल्यावर होणारं विस्मरण जागं राहिल्यावर होणाऱ्या विस्मरणापेक्षा कमी आढळलं. पुढच्या संशोधनानेही झोप आणि स्मरणाचं नातं पक्कंच केलं. जागून वाचलेल्या चार पानांसाठी ती मोडू नका.

भाच्याची परीक्षा परवा आहे. आज रात्री त्याने विचारलं, "मावशी, आता काय वाचू?" मी त्याच्याकडून तारखा घातलेला गठ्ठा मागून घेतला आणि सगळ्यांत खालचा, खाडाखोडीचा कागद वर ठेवला. त्याने तो पाहिला, हसला आणि खाडाखोडीखाली न विचारताच उत्तर लिहिलं. मग हायलायटरला टोपण लावून झोपायला गेला.