किरणांचे माप आणि हिऱ्याची कसोटी

बाजारातील वजने-मापे ठरावीक मुदतीने तपासली जातात व त्यांवर शासनाची मुद्रा उमटविली जाते. मग कर्करोगाच्या रुग्णास जे किरण दिले जातात, त्यांचे माप खरे की खोटे, हे कोण व कसे ठरवितो? धाराशिव जिल्ह्यास हा प्रश्न परका नाही. तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी एक मोठा अभ्यास सुरू झाला. मुंबईचे टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा त्यात समावेश केला. ज्या गटास विषाणूची तपासणी देऊ केली, त्यात या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, असा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. तथापि रोग आढळल्यावर उपचार अचूक झाले, तरच तपासणीचे सार्थक होते.

मात्रा म्हणजे काय?

एक किलोग्रॅम पदार्थात एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली, म्हणजे एक ग्रे मात्रा होय. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बाहेरून साधारण ४५ ते ५० ग्रे मात्रा सुमारे २५ बैठकांत विभागून देतात. त्यानंतर किरणोत्सर्गी स्रोत शरीरात रोगस्थानी ठेवून उरलेली मात्रा पूर्ण करतात. मात्रा कमी पडली तर रोग शिल्लक राहतो. अधिक झाली तर मूत्राशय व गुदाशय यांना इजा पोहोचते. म्हणून पाच टक्क्यांची चूकही लहान मानीत नाहीत.

हे मोजमाप पाण्याच्या टाकीत आयनीकरण कक्ष ठेवून करतात. रुग्णालयातील कक्षाचे प्रमाणन तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रमाणाशी जोडलेले असते. रुंद झोतासाठी हे साधन विश्वासार्ह आहे. परंतु मेंदूतील लहान गाठीसाठी झोत काही मिलिमीटरच रुंद असतो. महसूल मंडळाच्या सरासरीवरून एका शेतावरील पाऊस कळत नाही, तसेच येथे होते. कक्षाची पोकळी झोताहून मोठी ठरते व मधली खरी मात्रा सरासरीत कमी दिसते.

हिराच का?

हिरा म्हणजे शुद्ध कार्बन. शरीराच्या पेशीही मुख्यतः कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्याच असल्याने दोहोंत किरण बऱ्याच अंशी सारखेच शोषले जातात. किरण पडताच हिऱ्यात विद्युतभार मोकळे होतात आणि त्यांचा सूक्ष्म प्रवाह मोजता येतो. नैसर्गिक हिरे महाग, शिवाय एक दुसऱ्यासारखा नसतो. मिथेन व हायड्रोजन या वायूंपासून थरावर थर चढवून केलेला कृत्रिम हिरा मात्र हवा तसा घडविता येतो. अशा एका प्रचलित मापकातील संवेदनशील थर मिलिमीटरचा केवळ हजारावा भाग एवढा जाड असतो. शरीरात ठेवलेल्या स्रोताजवळ दोन-चार मिलिमीटरच्या अंतराने मात्रा झपाट्याने बदलते. तेथेही अशा लहान मापकाचा उपयोग अभ्यासला गेला आहे.

मापकाचीही परीक्षा

माप मोजणाऱ्याचेही माप घ्यावे लागते. प्रथम हिऱ्यास काही ग्रे मात्रा देऊन तो स्थिर करतात. नंतर तीच मात्रा वारंवार देऊन उत्तर तेच येते की नाही, हे पाहतात. मात्रा दुप्पट केल्यास नोंदही दुप्पट व्हावयास हवी. किरण संथ वा वेगाने दिले, त्यांची दिशा बदलली अथवा तापमान पालटले, तरी नोंद ढळता कामा नये. शेवटी प्रमाणित आयनीकरण कक्षाशी रुंद झोतात तुलना करतात. अतिशय अरुंद झोतात हिरा काही टक्के अधिक मात्रा दाखवितो, हे अशाच चाचण्यांतून उघड झाले. २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने लहान झोतांसाठी जी कार्यपद्धती प्रसिद्ध केली, तीत अशा दुरुस्तीचे गुणक दिले आहेत. ही दुरुस्ती न करता हिऱ्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

आपले कर्तव्य

मापाची जबाबदारी वैद्यकीय भौतिकतज्ज्ञाची. परंतु ठरलेली मात्रा पूर्ण होण्यास गावाचाही हातभार लागतो. या रोगाचा संपूर्ण किरणोपचार साधारणतः आठ आठवड्यांच्या आत संपवावा लागतो. सुगी किंवा प्रवासखर्चाच्या अडचणीने बैठका चुकल्या, तर अचूक मोजलेली मात्राही अपुरी ठरते. अशा भगिनीची ये-जा व घरची व्यवस्था यांकडे पंचायत सदस्य, शिक्षक व आरोग्यसेवक यांनी लक्ष पुरविल्यास प्रयोगशाळेतील काटेकोरपणाचे फळ तिच्या पदरी पडेल.