सातपूरहून मोनोरेल : तिकीट चाळीसचं, दिवस सहाशेचा

रेल्वेची आवड असलेल्याने देशात एकदा तरी बसावं अशी गाडी मुंबईत आहे. चेंबूर ते संत गाडगे महाराज चौक हा मोनोरेलचा मार्ग सुमारे 20 किलोमीटरचा, स्थानकं 17. तिकीट 10 ते 40 रुपये. पण घर सोडण्याआधी सेवा चालू आहे याची खात्री करा. 20 सप्टेंबर 2025पासून सुधारणांसाठी ती थांबवण्यात आली. मोनो चालवणाऱ्या महामुंबई मेट्रोची घोषणा पाहिल्याशिवाय आरक्षण करू नका, कारण खरा खर्च मुंबई गाठण्याचाच आहे.

नाशिकच्या सातपूरहून नाशिकरोडला सिटीलिंक बसने जाऊन-येऊन सत्तर-ऐंशी रुपये धरा. सकाळी सातच्या सुमारासची पंचवटी एक्स्प्रेस सोयीची. आरक्षित साध्या बैठकीला एका बाजूचे शंभर-सव्वाशे पडतात. वातानुकूलित खुर्ची घेतलीत, तर दिवसाचा खर्च अकराशेच्या पुढे जाईल आणि मोनोच्या मजेत त्याने काही भर पडणार नाही. दादरला उतरा, लोकलने कुर्ला, तिथून हार्बरने चेंबूर. लोकलचे वीसेक, जेवणखाणाचे दोनशे. एकूण सहाशेच्या आत दिवस बसतो.

चेंबूरहून शेवटपर्यंतचं एकाच बाजूचं तिकीट काढा. परतीला मोनो नको. संत गाडगे महाराज चौकापासून महालक्ष्मी स्थानक जवळ आहे, तिथून लोकलने दादर. सीएसएमटीहून 18:15ला निघणारी पंचवटी तुम्हाला दादरहून नाशिकला आणते, म्हणून हाताशी वेळ ठेवा.

खिडकीजवळची जागा मिळाली तर वळणावर पुढची तुळई बघा. गाडीच्या खाली रूळ नाहीतच. काँक्रीटच्या एका तुळईवर डबा मांड ठोकून बसतो, वजन पेलणारी रबरी चाकं वरून धावतात आणि आडवी चाकं दोन्ही बाजूंनी तुळईला धरून ठेवतात. वळणावर तुळई आत कलते. म्हैसूर कॉलनी ते भक्ती पार्क हा मोकळा टप्पा सोडू नका. 2014मध्ये सेवा सुरू झाली तेव्हाच्या मलेशियन स्कोमी गाड्यांच्या जोडीला हैदराबादच्या मेधा कंपनीकडून 10 नव्या गाड्या मागवल्या आहेत. जुनी गाडी हवी असेल, तर लवकर जाणंच बरं.

खरी जुनीपुराणी मोनो बघायची, तर दिल्ली. चाणक्यपुरीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात पतियाळा संस्थानची, 1907 ते 1927 या काळात धावलेली मोनो जपली आहे. तिचं वजन एका रुळावर, आणि तोल सावरायला बाजूचं मोठं चाक थेट रस्त्यावर. जर्मन बनावटीचं तिचं वाफेचं इंजिन रोज निघत नाही, तेव्हा आधी विचारून जा. नाशिकरोडहून स्लीपरचे एका बाजूचे सहाशेच्या आसपास धरा. सोमवारी संग्रहालय बंद असतं.